मालिकेतल्या घराला शेजार का नसतो?

ओसरी

२०१९च्या हिवाळ्यात माझ्या बाळंतपणासाठी आई गिरगावातून इकडे सॉल्फर्डला आली होती. चार वाजताच अंधार पडे, बाळ झोपले की घरात करण्यासारखे फारसे काही उरत नसे, आणि साडेसात वाजले की मी नेहमीप्रमाणे ‘कोरोनेशन स्ट्रीट’ लावून बसत असे. आईला इंग्रजी जेमतेम समजते, त्यातून उत्तर इंग्लंडची ही बोली तर मलाही पहिली दोन वर्षे नीट कळली नव्हती. तरीही चौथ्या की पाचव्या दिवशी ती म्हणाली, “या सगळ्यांची भिंत एकच आहे गं. म्हणून भांडायला तोंड उघडण्याआधी माणूस खिडकीकडे बघतो.” मी ती मालिका सहा वर्षे पाहत होते आणि हे माझ्या कधीच ध्यानात आले नव्हते. चाळीच्या गॅलरीत पन्नास वर्षे काढलेल्या बाईला ते आठवड्याच्या आत दिसले.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे आणि तो इथे मांडावा असे बरेच दिवस वाटत होते. आपल्या मराठी मालिकांमध्ये घरातली भांडणे भरपूर असतात, पण त्या घराला शेजार का नसतो?

ज्यांनी ही इंग्रजी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. ९ डिसेंबर १९६० रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला. ती कल्पिली आणि लिहिली ती टोनी वॉरन या चोवीस वर्षांच्या मुलाने. सुरुवातीला केवळ तेरा भागांना मंजुरी मिळाली होती. आज पासष्ट वर्षे उलटून गेली तरी मालिका चालूच आहे. गल्ली काल्पनिक, ती ज्या वेदरफील्ड भागात आहे तोही काल्पनिक; मात्र दोन्ही बेतलेली आहेत ती मी राहते त्या सॉल्फर्डवर. इथल्या ऑर्डसॉल भागातील आर्ची स्ट्रीट पाहून ही गल्ली रचली गेली आणि ती मूळ गल्ली १९७१मध्ये पाडून टाकण्यात आली. एकाला एक लागून विटांची घरे, दार उघडले की पाय थेट पदपथावर, मागे धुणे वाळत घालायचे छोटेसे परसू आणि त्यापलीकडे अरुंद बोळ. गल्लीच्या एका टोकाला ‘रोव्हर्स रिटर्न’ हा दारूचा गुत्ता आणि दुसऱ्या टोकाला वाण्याचे दुकान. कथानकाला लागणारा सगळा भूगोल एवढाच.

पहिल्या भागातील एक प्रसंग सांगते. केन बार्लो हा टपाल खात्यात काम करणाऱ्या बापाचा मुलगा विद्यापीठात शिकायला लागला आहे. जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या सॉसच्या बाटलीकडे तो ज्या नजरेने पाहतो ती नजर बापाला झोंबते. केनला मैत्रिणीला घेऊन एका हॉटेलात जायचे आहे, पण त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याची आई राबते. ती जिथे घाम गाळते तिथे पोराने पैसे उधळावेत हे बापाला पटत नाही. शेवटी ती मैत्रीणच घरी येते, तेव्हा बाप आणि धाकटा भाऊ बैठकीच्या खोलीत सायकल उलटी करून पंक्चर काढत बसलेले असतात. खलनायक नाही, कटकारस्थान नाही. शिकलेल्या मुलाला आपल्या घराची लाज वाटते आणि घराला ते कळते, एवढ्यावर तो भाग उभा आहे. मराठी घरांत हा प्रसंग हजारदा घडला असेल; आपल्या मालिकांमध्ये मी तो असा पाहिलेला नाही.

त्याच भागात शेजारही येतो. वाण्याचे दुकान नव्याने घेतलेल्या बाईकडे एना शार्पल्स नावाची म्हातारी येते, केसांवर जाळी, अंगात जाड कोट. समोरच्या प्रार्थनागृहाची राखण करणारी ही बाई सामान घेता घेता त्या नवख्या बाईची अशी उलटतपासणी करते की आमच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या आजीच डोळ्यांसमोर उभ्या राहाव्यात. पुढे १९६१मध्ये अकरा नंबरच्या एल्सी टॅनरला एक निनावी पत्र येते, ते एनानेच धाडले असा तिला संशय येतो आणि दोघी भररस्त्यात एकमेकींना भिडतात. एल्सीच्या घरातील गोष्ट खासगी होती. गल्लीला ती कळली म्हणून नाट्य झाले.

आता आपल्याकडे पाहू. बंगला, समोर बाग, प्रशस्त दिवाणखाना, मधून जाणारा जिना. त्या दिवाणखान्यात रात्री बारा वाजता सून सासूवर ओरडते आणि कोणाच्याही घराचा दिवा लागत नाही. सकाळी दूध घ्यायला, रिक्षाला, कचऱ्याची बादली ठेवायला कोणी दाराबाहेर पडत नाही, त्यामुळे रात्रीच्या भांडणानंतर शेजाऱ्याला तोंड कसे दाखवायचे हा प्रश्नच पडत नाही. माझ्या मते भांडणातली अर्धी लाज, अर्धी जबाबदारी आणि पुष्कळदा समेटसुद्धा त्या प्रश्नातून येतो. तो काढून टाकला की पात्रांना केवळ आवाज चढवणे उरते.

आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

पिंपळपार

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी काही वर्षे एका मराठी दैनंदिन मालिकेच्या कलाविभागात काम केले आहे, त्यामुळे शेजारी नेमका कोठे गळतो हे मला जवळून पाहता आले.

मालिका ठरते तेव्हा पहिला निर्णय घराचा होतो. एक तर ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याकडे किंवा मढला एखादा बंगला भाड्याने घेतात, नाहीतर स्टुडिओत घर उभारतात. स्टुडिओतले घर म्हणजे दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर आणि दोन-तीन झोपायच्या खोल्या. भिंती प्लायवूडच्या आणि सुट्या असतात, कारण कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा हवी की भिंतच उचलून बाजूला ठेवतात. ज्या घराची भिंत दिवसातून चारदा उचलली जाते त्या घराला भिंतीपलीकडचा शेजारी सुचणे कठीणच आहे. आमच्या सेटवर दिवाणखान्याच्या खिडकीबाहेर तीन फुटांवर निळ्या आकाशाचा पडदा होता आणि त्यापुढे कुंडीतली दोन झाडे. पडद्यामागे स्पॉटदादांचे चहाचे टेबल होते. कथेच्या दृष्टीने तिथे जग संपत होते.

दुसरे कारण वेळेचे. रोज साधारण बावीस मिनिटांचा भाग तयार व्हायला हवा. बारा-तेरा तासांच्या पाळीत तो संपवायचा, तर ज्या खोलीत प्रकाशयोजना झाली आहे त्याच खोलीतले पुढच्या चार भागांचे प्रसंग एकदम उरकून घ्यावे लागतात. शेजाऱ्याचे घर दाखवायचे म्हणजे नवा सेट, नवी प्रकाशयोजना आणि त्या घरातील कलाकारांच्या तारखा. म्हणून शेजारीण लिहिली तरी ती एका दिवसापुरती येते, हळदीकुंकवाच्या गर्दीत एक टोमणा मारते आणि जाते. तिला नाव असते, घर नसते.

कोरोनेशन स्ट्रीटकडे कायमची उभी गल्ली आहे. १९८२मध्ये त्यांनी विटांची घरे बांधली आणि तिच्या उद्घाटनाला स्वतः राणी आली होती. आता ती गल्ली नव्या जागी, सॉल्फर्डच्या धक्क्यांजवळ आहे. एकदा गल्ली उभी राहिली की शेजारी फुकट मिळतो. आपल्याकडे मालिका दोन-तीन वर्षांत संपणार, प्रत्येक गुरुवारी टीआरपी येणार आणि तो घसरला की सहा महिन्यांतही गाशा गुंडाळावा लागणार, अशा परिस्थितीत गल्ली कोण बांधणार?

एक गोष्ट मात्र पैशांची नाही, सवयीची आहे, आणि तिचे मला आजही वाईट वाटते. आवाजाला खर्च येत नाही. शेजारच्या घरातील कुकरची शिट्टी, भिंतीवरची थाप, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची हे सगळे ध्वनिमुद्रणात घालता येते. मी एकदा तसे सुचवले होते. पण आपल्याकडे प्रत्येक संवादामागे पार्श्वसंगीत इतके दाट भरतात, की शिट्टी ऐकू येईल एवढी शांतता कोणत्याही प्रसंगात शिल्लक राहत नाही.

जाईजुई

ओसरी यांचे लेखन आवडले, परंतु निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. आपल्या मालिकांत शेजारी नाही असे नाही. तो उंबरठ्याच्या आत आला आहे.

‘आई कुठे काय करते’चे उदाहरण घेते, कारण डिसेंबर २०१९पासून नोव्हेंबर २०२४मध्ये ती संपेपर्यंत मी ती नियमाने पाहिली. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर अरुंधतीला नवऱ्याचे संजनाशी असलेले संबंध कळतात, घटस्फोट होतो, आणि संजना सून म्हणून त्याच ‘समृद्धी’ बंगल्यात येते. सासू कांचन मुलाच्या बाजूने झुकते, सासरे अप्पा मात्र सुनेच्या पाठीशी उभे राहतात. म्हणजे एकाच छपराखाली दोन पक्ष, दोन चुली असल्यासारखे दोन जीव, आणि स्वयंपाकघराच्या दारातून दिवाणखान्यातले ऐकणारी तिसरी. भिंतीला कान असण्याचा जो परिणाम आपण सांगता तो एकत्र कुटुंबात आपोआप मिळतो. अरुंधतीला मन मोकळे करायला कोपरा नाही, रडायला बंद खोली नाही. तिची लाज शेजाऱ्यापुढची नाही, ती मुलांपुढची आणि सासूपुढची आहे. माझ्या आईच्या पिढीतील बायकांना ही मालिका आपली वाटली ती त्यामुळे.

मात्र या मालिकेच्या निमित्ताने मला शेजारी गळण्याचे आणखी एक कारण दिसते, जे पिंपळपार यांनी सांगितलेले नाही. ही कथा मुळात बंगालीतल्या ‘श्रीमयी’ची. त्याच कथेवर मराठीत अरुंधती झाली आणि हिंदीत ‘अनुपमा’. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेता येते ते काय? नवरा, बायको, सवत, सासू, मुले. नेता येत नाही तो शेजार. कोलकात्याच्या पाड्यातला शेजारी डोंबिवलीत तसाच उतरवता येत नाही. तो नव्याने लिहावा लागतो, त्याची जात, बोली, भाडेकरू आहे की मालक, गणपतीची वर्गणी किती देतो, हे सगळे ठरवावे लागते. ते कष्ट कोणी घेत नाही. त्यामुळे प्रवासाला निघालेल्या कथेतून सर्वांत आधी शेजारी उतरतो.

‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये सोसायटीतील शेजारी राधिकेच्या बाजूने उभे राहिले होते, हे येथे नोंदवते. ती मालिका मूळ मराठीत लिहिलेली होती हा मला योगायोग वाटत नाही. पुढे पुढे तिच्यात फार पाणी घातले गेले हे खरे, पण नागपूरहून आलेल्या त्या बाईला सोसायटीने आधी हसणे आणि मग आपले म्हणणे, हा भाग मनापासून लिहिलेला होता.

खालचा मजला

सर्व प्रतिसाद वाचले. मी लालबागच्या चाळीत वाढलो आणि मला शेजाराविषयीचा हा सगळा जिव्हाळा वाचताना थोडे अवघडल्यासारखे झाले, म्हणून लिहितो आहे.

आमच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत एक गिरणी कामगार राहत असे. तो बायकोला मारत असे. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. भिंत विटेची होती पण वर छताजवळ हवेसाठी जाळी होती, त्यामुळे सगळे ऐकू येत असे. असे झाले की आमच्या घरात वडील उठत आणि रेडिओचा आवाज वाढवत. मला वाटे त्यांना गाणी आवडतात. दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर कळले की रेडिओ कशासाठी मोठा होतो. वडील वाईट नव्हते. त्या माणसाच्या मुलाला शाळेची पुस्तके आमच्याच घरून जात, त्या बाईला आजारपणात माझ्या आईनेच पेज करून दिली. पण भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजाला उत्तर देण्याची रीत आमच्या मजल्यावर नव्हती. सकाळी सार्वजनिक नळावर त्या बाईच्या गालाकडे कोणी बघत नसे, आणि न बघणे हाच सभ्यपणा समजला जात असे.

तेव्हा शेजार दाखवायचा असेल तर हाही दाखवावा लागेल. गॅलरीत बसून पापड लाटणाऱ्या बायका आणि गोपाळकाल्याची हंडी एवढेच दाखवले, तर तो शेजार दिवाणखान्यातल्या जिन्याइतकाच खोटा. आपण सांगता त्या इंग्रजी मालिकेत असे काही आहे का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

ओसरी

खालचा मजला, आपला प्रतिसाद वाचून मी काल रात्री काही लिहू शकले नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि योगायोग असा की आई इथे होती त्या हिवाळ्यात नेमके तेच कथानक चालू होते.

सहा नंबरच्या घरात यास्मीन नझीर राहते. साठीच्या आसपासची, पाकिस्तानी वंशाची, गल्लीत मान असलेली, ग्रंथालय आणि सामाजिक कामांत वावरलेली करारी बाई. तिने जेफ मेटकाफ नावाच्या वरकरणी अतिशय गमत्या माणसाशी संसार मांडला. तो तिला मारत नाही. तिने काय घालावे हे तो ठरवतो, किती खावे हे ठरवतो, पैसे आपल्या हातात घेतो, घराला सुरक्षा हवी म्हणून कॅमेरे बसवतो आणि त्यातून तिच्यावर पाळत ठेवतो. नातीला तिच्यापासून तोडतो. तिने लळा लावलेली कोंबडी मारून तिचेच मांस तिच्या ताटात वाढतो. हे एका भागात होत नाही. दीड-दोन वर्षे ते मुरत जाते, इतके हळू की पाहणाऱ्यालाही मधेच वाटावे, आपणच याला उगाच वाईट समजत आहोत.

आणि भिंतीपलीकडे, चार नंबरच्या घरात, कोण राहते? जेफचा स्वतःचा मुलगा टिम आणि सून सॅली. सॅली ही सबंध गल्लीची खबर ठेवणारी बाई. तिलाही दिसत नाही. टिमला तर बापाविरुद्ध कोणी बोललेले सहन होत नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये यास्मीन जेफच्या डोक्यात बाटली घालते, तेव्हा बराच काळ गल्ली जेफच्याच बाजूने असते, कारण गल्लीने त्याचे विनोद ऐकले होते आणि तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

आपल्या वडिलांनी रेडिओ मोठा केला हे वाचताना मला सॅली आठवली. त्या मालिकेने सॅलीला दुष्ट ठरवले नाही, पण सोडलेही नाही. आपल्याला कळायला हवे होते, मध्ये एकच भिंत होती, ही टोचणी त्या नवराबायकोच्या मागे पुढे बराच काळ राहिली. शेजार दाखवण्यातून मला हेच हवे आहे. पापडांचा आग्रह माझाही नाही. दाराबाहेर कोणीच राहत नसेल, तर ज्याने ऐकायला हवे होते आणि ऐकले नाही असा माणूसही मालिकेत येऊ शकत नाही.

जाईजुई, उंबरठ्याच्या आत आलेल्या शेजाऱ्याविषयीचे आपले म्हणणे मला बऱ्याच अंशी पटले. तरी एक फरक राहतो असे वाटते. सासू, जाऊ, नणंद यांना त्या भांडणात काही मिळवायचे असते किंवा गमवायचे असते. शेजाऱ्याला दोन्ही नसते. तो फक्त पाहतो, आणि म्हणून त्याच्यापुढे माणूस वेगळा वागतो.

आकेरीची वाट

‘रात्रीस खेळ चाले’चा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून मी करतो. माझे गाव सावंतवाडी तालुक्यात आहे आणि २०१६मध्ये पहिले पर्व आकेरीला चित्रित होत असताना मी दोनदा तो वाडा पाहून आलो.

लोकांच्या लक्षात भुते राहिली. आमच्या घरात मात्र ती मालिका जमिनीची गोष्ट म्हणून पाहिली गेली. अण्णा नाईक जातात आणि विखुरलेली मुले वाड्यात जमतात. एक भाऊ गावात राहून सगळे सांभाळणारा, दुसरा मुंबईत शिकून-सवरून स्थिरावलेला. कोकणात असे एकही घर नसेल जिथे ही वाटणी झाली नाही. गावात राहणारा म्हणतो, मी राबलो. मुंबईचा म्हणतो, सातबाऱ्यावर माझेही नाव आहे. दोघेही खरे बोलत असतात. आमच्याकडे काकांमध्ये आणि वडिलांमध्ये एका फणसाच्या झाडावरून अकरा वर्षे बोलणे नव्हते. झाड बांधावर होते, मुळे एका बाजूला आणि फांद्या दुसऱ्या बाजूला. फणस पिकून खाली पडत आणि कोणीही उचलत नसे, सगळ्या अंगणात वास सुटे.

या मालिकेत शेजार भाषेतून आला असे मला वाटते. मालवणी बोलणारी माणसे पडद्यावर आली की घराभोवतीचा गाव न दाखवताही जाणवतो, कारण मालवणी बोलताना माणूस एकट्याशी बोलत नाही, आवाज आपोआप पाणंदीपर्यंत जातो. प्रमाण मराठी बोलणारी मालिकांतील कुटुंबे कोणत्या गावात राहतात हेच कळत नाही, मग शेजारी कोठला लिहिणार? पिंपळपार यांनी खर्चाचे सांगितले ते योग्यच आहे, पण बोलीला प्लायवूड लागत नाही.

पिंपळपार

आकेरीची वाट यांना अनुमोदन. त्याला एक पुस्ती जोडतो. दूरदर्शनच्या काळात ‘नुक्कड’ आणि ‘वागळे की दुनिया’ या मालिका होत्या. आर. के. लक्ष्मण यांच्या रेखाटनांतून आलेला वागळे हा मुंबईतला मराठी कारकून; त्याच्या अडचणी घरात सुरू होत आणि इमारतीच्या जिन्यावर, बसच्या रांगेत जाऊन पोहोचत. त्या साप्ताहिक होत्या, लेखकाला सात दिवस मिळत. कोरोनेशन स्ट्रीटही पहिली जवळजवळ तीस वर्षे आठवड्यातून दोनदाच लागत असे. दैनंदिन मालिकेत लेखकाच्या हाती सकाळी प्रसंगांचा आराखडा पडतो आणि संध्याकाळपर्यंत संवाद द्यावे लागतात. शेजाऱ्याला घडवायला निवांतपणा लागतो, कारण तो कथेला पुढे ढकलत नाही, तिला जागा देतो. घाईत असलेला लेखक आधी त्यालाच कापतो. मी ते कागद पाहिलेले आहेत. लाल रेघ नेहमी त्याच्यावरच असे.

जाईजुई

मी सध्या एवढेच विचारते, की ‘कोरोनेशन स्ट्रीट’ नव्याने पाहू लागणाऱ्याने कोठून सुरुवात करावी? एवढे भाग पाहणे तर कोणालाच शक्य नाही.

ओसरी

जाईजुई, सलग पाहू नका. एक प्रसंग सांगते, तो मिळाला तर अवश्य पाहा. तेरा नंबरच्या घरात हिल्डा ओग्डेन राहत असे, डोक्याला नेहमी केस कुरळे करायच्या नळ्या लावलेली, गुत्त्यात साफसफाई करणारी, साऱ्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी बाई. नवरा स्टॅन खिडक्या पुसण्याचे काम करणारा, आळशी, त्याच्याशी तिची रोजची कटकट. भिंतीवर उडत्या बदकांची तिकडी, त्यातले मधले कायम तिरके लोंबकळलेले. १९८४मध्ये स्टॅनची भूमिका करणारे नट वारले आणि मालिकेतही स्टॅन गेला. अंत्यविधी होतो, माणसे निघून जातात, आणि हिल्डा एकटी टेबलाशी बसून रुग्णालयातून आलेले खाकी कागदाचे पुडके सोडते. कपडे निघतात. मग चष्म्याचे घर निघते. ती ते उघडते, आत स्टॅनचा चष्मा असतो, आणि तिथे ती कोसळते. जीन अलेक्झांडर या अभिनेत्रीने तो प्रसंग जवळजवळ एकही शब्द न बोलता केला आहे. जिच्या तोंडाला आयुष्यभर खळ नव्हता ती बाई गप्प बसून रडते, आणि भिंतीपलीकडे पोहोचू नये म्हणून जणू आवाज आतल्या आत ठेवते. १९८७च्या नाताळात ती गल्ली सोडून गेली, तो भाग अडीच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

दुसरे, केन आणि माइक बाल्डविन यांचे वैर. केनची बायको डिअड्री माइकच्या प्रेमात पडली आणि १९८३च्या फेब्रुवारीत ती नवऱ्याकडेच राहिली, तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डला फुटबॉलचा सामना चालू असताना तिथल्या फलकावर ती बातमी झळकली होती. पुढे माइकने केनच्याच मुलीशी लग्न केले. दोघे एकाच गल्लीत, एकाच गुत्त्यात, वीस-बावीस वर्षे एकमेकांसमोर. २००६मध्ये स्मृती हरवलेला माइक रस्त्यावर भरकटतो आणि प्राण सोडतो तो केनच्या मिठीत. बंगल्यांच्या मालिकेत हा शेवट लिहिता आला नसता. तिथे वैरी घर बदलतात किंवा तुरुंगात जातात. इथे त्याला रोज त्याच रस्त्याने जावे लागते.

आईचे राहिले. ती २०२०च्या फेब्रुवारीत परत गेली आणि महिन्याभरात सगळीकडे दारे बंद झाली. इकडे चित्रीकरण थांबले, शिल्लक भाग पुरावेत म्हणून आठवड्याला तीनच दाखवू लागले. गिरगावातली तिची चाळ तोवर पुनर्विकासासाठी रिकामी झाली होती आणि ती पहिल्यांदाच बंद दाराच्या फ्लॅटमध्ये राहत होती, भाड्याच्या, अकराव्या मजल्यावर. रोज रात्री फोन होत असे. बाळ कसे आहे, दूध किती पिते, तुझी कंबर कशी आहे, हे झाले की ती विचारी, “आणि ती सहा नंबरवाली? सुटली का गं?” मी सांगे, नाही, अजून कोठडीत आहे, खटला व्हायचा आहे. वर्षाच्या अखेरीस निर्दोष सुटली त्या रात्री मी भारतात पहाटेचे किती वाजले आहेत याचा विचार न करता तिला फोन लावला. तिने पहिल्याच घंटेला उचलला, सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि शेजारची ती? ती गेली का तिच्याकडे?”